फी : शून्य

पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला कापले जाणारे दोनशे रुपये हा प्रोफेशनल टॅक्स असतो, हे मला माझ्याच निरोप समारंभात कळलं. तोवर मी ते स्टाफरूममधल्या चहाचे समजत होतो, आणि पैसे कापलेच आहेत तर वसूल तरी करावेत म्हणून रोज एक कप जास्तीचा पीत होतो. शिपाई माझ्याकडे तसा का बघायचा, ते आता कळतं.

अशा माणसाने क्रिप्टोच्या बाजारात उतरून कोणत्या एक्स्चेंजची फी किती याचा तौलनिक अभ्यास करावा, यात तुम्हाला काही वावगं वाटत असेल, तर तुम्ही आमच्या सौभाग्यवतींच्या पक्षात आहात. तिथे गर्दी आहे. जरा सरकून बसा.

झालं ते तुरीमुळे झालं. 2024 साली आमच्या बीदर-कलबुर्गीकडे तुरीला भलताच भाव होता. सरकारी हमीभाव क्विंटलला 7,000, आणि गंजात, म्हणजे धान्यबाजारात, दहा हजारांच्या वर बोली. भाव आणखी चढेल म्हणून मी माळवदाच्या खोलीत थोडी पोती ठेवून दिली होती, आणि गंमत म्हणजे तो खरंच चढला. माझ्या आयुष्यात मी धरलेला अंदाज बरोबर येण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे डोक्यात हवा गेली. पोती भालकीला विकली, उधाऱ्या फेडल्या, आणि दोन क्विंटलचे वीस हजार 'बघू काहीतरी' म्हणून बाजूला काढले. नेमका तेव्हाच हैदराबादेत कॉम्प्युटरच्या नोकरीत असलेला भाचा सुट्टीला आला आणि त्याने मोबाइलवर बिटकॉइनचा आलेख दाखवला. मी एकच प्रश्न विचारला, आणि तो हुशारीचा होता असं मला अजूनही वाटतं.

"यात कमिशन किती?"

हा प्रश्न आमच्या घराण्यात आहे. आजोबांच्या वेळी इकडे निजामाचा हाली सिक्का चालायचा आणि सोलापूर-बार्शीला गेलं की इंग्रजी कळदार. ढोबळ हिशेबाने सात हालीचे सहा कळदार, पण सराफ मध्ये आपला बट्टा मारणारच, आणि तो पैभर जास्त मारला तर आजोबा त्याच्या ओट्यावरून उठायचे नाहीत. 1948 ला निजामाचं राज्य गेलं, 1956 ला आम्ही आजच्या कर्नाटकात गेलो, हाली सिक्का मात्र 1959 पर्यंत तग धरून होता. म्हणजे आमच्या आजोबांनी राज्यं बदललेली पाहिली पण बट्ट्याचा हिशेब कधी चुकू दिला नाही. त्यांचंच रक्त माझ्यात आहे, असं मी भाच्याला अभिमानाने सांगितलं. रक्त आहेच. गणित ते बरोबर घेऊन गेले.

खातं उघडण्याची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती आठवली की अजून मान अवघडते. आधारवर माझं आडनाव आधी, पॅनवर शेवटी. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं एक अक्षर. कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकवा, असं ॲप म्हणालं. मी मिचकवले. डावीकडे बघा म्हणालं, तर डावीकडे दारात सौ. उभी होती. "कुणाला डोळे मारताय या वयात?" एवढंच तिने विचारलं, पण ते रेकॉर्ड झालं असावं, कारण पडताळणीला दोन दिवस जास्त लागले.

आता फी. पहिल्या ॲपच्या कपाळावरच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ट्रेडिंग फी शून्य. मी भाच्याला न विचारता तेच निवडलं. शून्यापेक्षा कमी कोण घेणार? जुलैच्या सुरुवातीला वीस हजार भरले, हिरवं बटण दाबलं, पडद्यावर रंगीत कागद उडाले, 'अभिनंदन' आलं, पावतीवर 'फी : शून्य' असं छापून आलं, ते मी दोनदा वाचलं, समाधानाने उठून माठातलं तांब्याभर पाणी प्यालो आणि परत येऊन बघतो तर वीस हजारांचे 19,417 झालेले. तांब्याभर पाणी, 583 रुपये.

मला वाटलं, जगात काहीतरी मोठं घडलं असणार. टीव्ही लावला. काही नव्हतं. मग हैदराबादला फोन.

"मामा, खरेदीचा भाव काय दिसतोय?"

"51 लाख 50 हजार."

"आणि त्याच पडद्यावर विक्रीचा?"

"50 लाख."

"मग मधले दीड लाख कुणाचे?"

"कुणाचे रे?"

"तीच त्यांची शून्य फी."

याला स्प्रेड म्हणतात. फीच्या रकान्यात काही घ्यायचं नाही, भावातच कापून घ्यायचं. आजोबांच्या सराफाला हे सुचलं असतं तर तो ओटा सोडून माडीवर राहायला गेला असता. मी फोनवर 'हं, हं' म्हणत राहिलो, जणू मला हे आधीच ठाऊक होतं आणि मी फक्त भाच्याची परीक्षा घेत होतो.

त्या दिवसापासून मी अभ्यासाला लागलो. फडताळात शाळेतली एक कोरी टाचणवही उरली होती, तिच्यात पट्टीने रकाने आखले. एक्स्चेंजचं नाव, मेकर फी, टेकर फी, जीएसटी, पैसे भरण्याची फी, पैसे काढण्याची फी, नाणं बाहेर पाठवण्याची फी, सूट आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना सवयीने आला. कुठल्याही तक्त्याला शेरा नसेल तर मला तो अपुरा वाटतो. इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने नावं लिहायला घेतली. बायनान्सवर साधी फी शेकडा दहा पैसे, आणि तीच त्यांचं स्वतःचं बीएनबी नाणं वापरून भरली तर वर पंचवीस टक्के सूट. म्हणजे फी वाचवायला आधी आणखी एक नाणं विकत घ्यायचं. शेरा : विचार करावा. बहुतेक ठिकाणी महिन्याची उलाढाल जितकी मोठी तितकी फी कमी, असे टप्पे होते. सगळ्यात खालचा टप्पा लाखांत होता. माझे वीस हजार त्याच्याही तळाशी बसले होते, तरी मी वरचा टप्पा पेन्सिलने नोंदवून ठेवला. शेरा : पुढे उपयोगी पडेल.

जीएसटीने मात्र माझी एक रात्र खाल्ली. अठरा टक्के! वीस हजारांवर अठरा टक्के म्हणजे 3,600, हे मी वहीत मांडलं, अधोरेखित केलं आणि छताकडे बघत पडून राहिलो. पहाटे सौ.ला जाग आली आणि तिने छातीत दुखतंय का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "जीएसटी." ती म्हणाली, "ओवा खा." सकाळी भाच्याने सांगितलं की तो अठरा टक्के रकमेवर नसतो, फीवर असतो, शंभर रुपये फी असेल तर अठरा. ओवा मी तरीही खाल्ला.

मेकर आणि टेकर ही भानगड भाच्याने मला तुरीवर समजावली, आणि तेवढी एक माझ्या डोक्यात गेली. "मामा, गंजात ढीग लावून 'अकरा हजाराच्या खाली देणार नाही' म्हणून कट्ट्यावर बसतो ना एखादा, तो मेकर. त्याच्यामुळे बाजारात माल दिसतो, म्हणून त्याला फी कमी. आणि आल्या आल्या 'जो भाव निघेल त्याला टाका, मला बस गाठायचीय' म्हणतो, तो टेकर. तो दुसऱ्याची लावलेली बोली उचलतो, म्हणून त्याला फी जास्त."

"म्हणजे मी टेकर?"

"तुम्ही तूरही टाकता आणि तुमची बसही चुकते, मामा. त्याला अजून नाव नाही."

अभ्यासाअंती असं दिसलं की दुसऱ्या एका ॲपवर मेकरला शेकडा दहा पैसे आणि टेकरला चाळीस पैसे, आणि मुख्य म्हणजे तिथे विक्रीचा भाव पहिल्यापेक्षा थोडा चढा. माझ्याकडचं बिटकॉइन तिकडे नेऊन विकलं तर अडीचशे रुपये सुटत होते. हा हिशेब मी तीनतीनदा ताडून पाहिला आणि तो अगदी बरोबर होता. पाठवण्याच्या पडद्यावर खाली बारीक अक्षरांत 'नेटवर्क फी : 0.0005 बीटीसी' असं होतं. एवढी शून्यं असलेली रक्कम म्हणजे पाच पैसेसुद्धा नसणार. मी ती फी बाजारात भाजीवाल्याला 'राहू दे सुटे' म्हणतात त्या थाटात मान्य केली.

एका बिटकॉइनचा भाव 50 लाख. त्याचा 0.0005 भाग म्हणजे 2,500 रुपये. अडीचशे वाचवायला.

ही फी रकमेवर नसते, खेपेवर असते, हे मला नंतर कळलं. कोटीचा माल पाठवा की माझ्यासारखी चिमूट पाठवा, हमाली तेवढीच. बिटकॉइनच्या व्यवहाराची वहिवाट चालवणाऱ्या मायनरांना जी फी जाते, ती व्यवहार संगणकावर किती जागा खातो त्यावर ठरते, त्यात पैसे किती यावर नव्हे, आणि एक्स्चेंज ग्राहकाला आपला एक ठोक आकडा लावून मोकळं होतं. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग असतात, त्यातल्या एकाचं नाव सातोशी. म्हणजे मी पन्नास हजार सातोशी देऊन आलो होतो. पडद्यावर 'पन्नास हजार' असं लिहिलं असतं तर माझा हात जागच्या जागी आखडला असता. पण लिहिणाऱ्याला माझा हात ठाऊक असावा.

माझ्याकडे उरलं 0.003383. वहीत शेरा लिहिला : नेण्याची फी आधी बघावी. मग तो शेरा सौ.च्या दृष्टीस पडू नये म्हणून वहीला 'मराठी व्याकरण, इयत्ता आठवी' असं कव्हर घातलं.

आता इथे तरी मेकर व्हायचं, असं मी ठरवलं. भाव आपला, बसणार आपण, फी दहा पैसे. विक्रीचा भाव टाकला आणि रोज सकाळी सुसल्याची ताटली मांडीवर घेऊन पाहू लागलो. बिटकॉइन माझ्या भावाच्या आसपास आलं, वर गेलं, खाली आलं, माझी विक्री काही होईना. बाजार किती चंचल आहे आणि आपण किती धीराचे, यावर मी शेजारच्या निवृत्त तलाठ्यांना कट्ट्यावर बसून चार गोष्टी सांगितल्या. ते "होगली बिडी, मेष्ट्रे", म्हणजे 'जाऊ द्या, मास्तर', म्हणून तंबाखू मळत राहिले.

मग 18 जुलै उजाडला. वझीरएक्स या भारतातल्या मोठ्या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे 23 कोटी डॉलर, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांच्या घरातली रक्कम चोरीला गेली, आणि लोकांचे पैसे तिथे अडकून पडले. माझं तिथे खातं नव्हतं. याचं श्रेय सावधपणाला देऊ नका. ते नाव डब्ल्यूने सुरू होतं आणि माझा तक्ता तिथवर पोचलाच नव्हता. पण बातमी वाचून पोटात गोळा आला. फीचे एवढे रकाने मी आखले होते. चोरीचा एकही नव्हता.

थरथरत्या हाताने माझं ॲप उघडलं. 'उपलब्ध शिल्लक : 0.00000000.'

त्यानंतर मी काय केलं ते सौ. पाहुण्यांना साभिनय करून दाखवते. मी "गेलं!" म्हणून ओरडलो, ती स्वयंपाकघरातून "कोण गेलं?" म्हणत पीठभरल्या हाताने धावली, शेजारून तलाठी आले, त्यांच्यामागून त्यांच्या सूनबाई आल्या, कुणीतरी मला कांदा हुंगवला, आणि या सगळ्यात वीस हजारांचा आकडा, जो मी आजवर घरात उच्चारला नव्हता, तो मी स्वतःच, मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असा सांगितला. सौ.ने कांदा माझ्या नाकापासून काढून घेतला.

भाच्याने फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि 'ओपन ऑर्डर' नावाच्या पानावर जायला सांगितलं.

"मामा, तुमचं नाणं जागेवर आहे. तुम्ही विक्रीला लावलंय ना, म्हणून ते अडकवून ठेवलंय. उपलब्ध नाही, एवढंच. पण भाव काय टाकलाय हा?"

"पन्नास लाख पंचाहत्तर हजार."

"शून्य मोजा."

मोजली. पाच कोटी साडेसात लाख. बिटकॉइन पाच कोटींवर जाईल तेव्हा विकायचं, फी मात्र दहा पैशांच्या वर द्यायची नाही, अशा अटीवर मी इतके दिवस कट्ट्यावर बसलो होतो. तलाठ्यांनी ती संख्या कन्नडमधून एकदा, मग मराठीतून एकदा म्हणून पाहिली आणि कसं कोण जाणे, त्यांचा माझ्याविषयीचा आदर वाढला.

ऑर्डर रद्द केली. तेव्हाच विकायला हवं होतं, पण गल्लीसमोर झालेली शोभा भरून निघावी एवढा भाव यावा म्हणून थांबलो, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जगभरचे बाजार आपटले त्यात आमचंही आपटलं. शेवटी 47 लाख 30 हजारांनी, टेकर म्हणून, बस गाठायचीय अशा घाईत विकलं. आले 16,000. त्यातून फी 64 रुपये, तिच्यावर जीएसटी 11 रुपये 52 पैसे, आणि टीडीएस 160. मी आठवडेच्या आठवडे ज्या फीचा अभ्यास केला, ती जीएसटी धरूनही सगळ्यात लहान निघाली.

टीडीएस सौ.ला पटेना. "नुकसान झालंय ना? मग कर कसला?" प्रश्न रास्त आहे, पण तो दिल्लीला विचारायचा आहे. 1 जुलै 2022 पासून क्रिप्टो विकलं की विक्रीच्या रकमेतून एक टक्का कापला जातो, नफा असो की तोटा. नफा झाला तर त्यावर तीस टक्के कर आणि वर सेस, तो 1 एप्रिल 2022 पासून. खरेदीची किंमत तेवढी वजा करता येते. फीबी काही वजा होत नाही. आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या कुठल्या नफ्यातून वळता करता येत नाही की पुढच्या वर्षी ओढता येत नाही. नफ्यात सरकार भागीदार, तोट्यात ते आपल्याला ओळखत नाही.

ते 160 रुपये मात्र विवरणपत्र भरून परत मागता येतात, असं कळल्यावर माझ्यातले आजोबा पुन्हा जागे झाले. एवढी वर्षं मी पेन्शनीपुरता साधा 'सहज' फॉर्म भरत आलो; पण क्रिप्टोला हात लावला की सहज संपतं. आयटीआर-2 लागतो, त्यात या मालमत्तेचं वेगळं परिशिष्ट, त्यात घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख, किमती. बीदरच्या एका करसल्लागाराने फी सांगितली, ती ऐकून मी पायऱ्या उतरून खाली आलो. तेव्हा सौ.ला आठवलं की कलबुर्गीचे आपले व्याही हीच कामं करतात. पोरीच्या सासऱ्यांना हे दाखवायचं? पण फोन तिने लावलाही होता, आणि पलीकडून आवाज आला, "अहो, आपल्यात कसली फी?"

फी 'शून्य' म्हणताच मी सावध व्हायला हवं होतं.

व्याह्यांकडे रिकाम्या हाताने जाता येत नाही. विहीणबाईंना साडी, व्याह्यांना शर्टपीस, जावईबापूंना काही नको म्हणतात म्हणून पाकीट, नातवाला खेळणं, शिवाय पेढे, शेंगाची चटणी आणि घरच्या तुरीची डाळ. बसभाडं एकट्या माझं. शक्ती योजनेत 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बसमध्ये तिकीट नाही, त्यामुळे सौ.ने कंडक्टरकडून शून्य रुपयांचं तिकीट घेतलं आणि ते माझ्या डोळ्यांसमोर धरलं. या सगळ्या प्रकरणातलं तेवढं एक शून्य खरं होतं.

व्याह्यांनी कागद पाहिले. लेक चहा घेऊन आली, कागदांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बिस्किटाची बशी माझ्यापासून दूर ठेवली. व्याही सज्जन माणूस, एक शब्द बोलले नाहीत. फक्त 2,500 च्या आकड्यावर त्यांचं पेन जरा वेळ थांबलं, मग पुढे सरकलं. फॉर्म भरला गेला, 160 रुपये बँकेत येतील म्हणाले, जेवणं झाली, बायका आतल्या खोलीत साडी उलगडून बसल्या. तेव्हा व्याह्यांनी मला गॅलरीत नेलं, दार ओढून घेतलं आणि सुपारी कातरत अगदी हळू आवाजात विचारलं, "मास्तर, एवढा अभ्यास केलाय तुम्ही, खरं सांगा. त्यातल्या त्यात स्वस्त कोणतं पडतं?"

मराठी व्याकरण, इयत्ता आठवी, पिशवीत होतंच.